पान ३१ वरचा फोटो : न्यू जर्सीच्या विधिमंडळाला खुले पत्र

प्रति,
न्यू जर्सी सिनेट आणि जनरल असेंब्लीचे सर्व माननीय सदस्य,
स्टेट हाऊस, ट्रेंटन

सविनय नमस्कार.

मी सॉमरसेट काउंटीत राहते आणि इथेच मतदान करते. माझं माहेर चिपळूणचं. ओल म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी माझ्या स्वतःच्या घराच्या भिंतीआड बुरशी वाढत राहिली आणि मला कित्येक महिने कळलं नाही. माझा सात वर्षांचा मुलगा अकरा महिने खोकत राहिला. घर घेताना मी पैसे देऊन ते तपासून घेतलं होतं. तपासणाऱ्या माणसाने त्या बुरशीचा फोटोही काढला होता. पण ‘बुरशी’ हा शब्द त्याने लिहिला नाही, कारण तुमच्या राज्याचा नियम त्याला तो लिहायला लावत नाही.

घर विकत घेण्याआधी ते तपासून देणाऱ्या होम इन्स्पेक्टरने घरातली बुरशी बघावी आणि अहवालात लिहावी, असं बंधन कायद्याने घालावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. बुरशीबद्दलची विधेयकं ट्रेंटनला नवी नाहीत. ती मांडली जातात, समितीकडे जातात, आणि दोन वर्षांचं सत्र संपलं की बाद होतात. पुढच्या सत्रात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एखादं विधेयक असं विरून जातं तेव्हा बातमीसुद्धा होत नाही, म्हणून गप्प बसणं मला शक्य नाही.

पत्राची इंग्रजी प्रत मी माझ्या डिस्ट्रिक्टच्या तिन्ही प्रतिनिधींना, एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्यांना, पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या लोकांसाठी. एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर, जर्सी सिटी इथे आमची कितीतरी मराठी कुटुंबं आयुष्यातलं पहिलं घर घेतात. त्यांनी हे वाचावं आणि आपापल्या प्रतिनिधीला फोन करावा.

आधी काय घडलं ते सांगते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझ्या आईच्या घरात ते छातीच्या वर होतं. मी इथे बसून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ बघत होते. पाणी ओसरल्यावर चिखल काढला, फ्रीज, गाद्या, कपाटं फेकली, आणि मग आईने गवंडी बोलावून पाण्याची रेघ होती त्याच्याही वर हातभर, असा सगळा गिलावा खरवडून घेतला. विटा उघड्या ठेवल्या. गणपती तसाच बसला, दिवाळी तशीच झाली. शेजारपाजारी रंग लावून मोकळे झाले तरी तिने रंगाऱ्याला दारात उभं केलं नाही. मार्चमध्ये उन्हं तापली, भिंतीला हात लावून बघितला, तेव्हा कुठे नवा गिलावा आणि मग रंग. शिकलेली ती सातवीपर्यंत, पण भिंत आतून वाळल्याशिवाय वरून झाकायची नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

चिपळूणच्या पुरानंतर सहा आठवड्यांनी, १ सप्टेंबर २०२१ ला, आयडा वादळाचं उरलेलं पाणी आपल्या राज्यावर कोसळलं. न्यू जर्सीत ३० माणसं गेली. रॅरिटन नदीकाठचं मॅनव्हिल पाण्याखाली होतं, बाउंड ब्रुकमध्ये पाणी होतं. आम्ही तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होतो. त्या रात्री आमच्याकडे फक्त वीज गेली.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या वसंतात, आम्ही घर शोधायला लागलो. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना आठवत असतील. शनिवारी ओपन हाऊस, रविवारी रात्रीपर्यंत ऑफर, सोमवारी नकार. रिअल्टर, म्हणजे घरांचा दलाल, सांगायचा, इन्स्पेक्शन सोडून द्या, ऑफर मजबूत होईल. आम्ही चार घरं या एका कारणावर घालवली, पण इन्स्पेक्शन सोडलं नाही. पाचवं घर मिळालं. बेसमेंट नुकतंच फिनिश केलेलं, पांढरंशुभ्र, नवा कार्पेट, छतात नवे दिवे. मुलाची खेळायची खोली इथे आणि आई आली की तिची झोपायची सोयही इथेच, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

इन्स्पेक्टरला ५७५ डॉलर दिले. माणूस कामचुकार नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तीन तास तो घरभर फिरला, छतावर चढला, अ‍ॅटिकमध्ये रांगला, प्रत्येक सॉकेट तपासला. अहवाल सेहेचाळीस पानांचा. त्यात पान ३१ वर वॉटर हीटरचा फोटो आहे आणि त्याखाली हीटरचं वय, उरलेलं आयुष्य, आणि शेवटी एक ओळ : बेसमेंटमध्ये आर्द्रता जाणवते, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) वापरावा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात काय काय तपासलेलं नाही त्याची यादी होती. त्यात बुरशी होती. ते पान मी वाचलं होतं. मला वाटलं, वकिली भाषा आहे, सगळेच घालतात.

घर घेतलं. ऑक्टोबरपासून मुलाचा खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले व्हायरल, मग म्हणाले अ‍ॅलर्जी, मग इन्हेलर आला. थंडीत घर बंद, हीटिंग चालू, आणि पोरगं शाळेतून आलं की थेट बेसमेंटमध्ये.

मे २०२३ मध्ये आई आली. सामान ठेवलं, चहा घेतला आणि मी तिला तिची खोली दाखवायला खाली नेलं. शेवटच्या पायरीवर ती थांबली. नाकाने वास घेतला आणि म्हणाली, “अगो, इथं पाणी मुरलंय.”

मी म्हटलं, आई, सगळं नवीन आहे.

“नवीन असूंदे. वास जुना आहे.”

तिने खोलीत पाऊल टाकलं नाही. त्या रात्री ती वर सोफ्यावर झोपली. दोन दिवसांनी नवऱ्याने हीटरच्या मागची ड्रायवॉल, म्हणजे कागद चिकटवलेल्या जिप्समच्या फळ्यांची भिंत, खालून कापली. मागचा कागद काळा होता. इन्सुलेशन हातात धरलं तर ओलं. लाकडाच्या पट्ट्यांवर हिरवट राखाडी लव आली होती. शेजारच्या काकांना विचारलं तेव्हा कळलं की आयडाच्या रात्री त्या बेसमेंटमध्ये तीन फूट पाणी होतं, आणि महिन्याभरात ते फिनिश होऊन तयार झालं होतं. त्यात भर म्हणजे जमीन आणि पायाची भिंत जुळते त्या सांध्यातून प्रत्येक मोठ्या पावसात थोडं पाणी झिरपतच होतं. नव्या ड्रायवॉलने ते फक्त झाकलं होतं.

मग मी इन्स्पेक्टरचा अहवाल पुन्हा उघडला. पान ३१. वॉटर हीटरचा फोटो मोठा करून बघितला. डावीकडे खाली, हीटरच्या मागे, रंग न लावलेल्या ड्रायवॉलच्या कडेला काळे ठिपके स्पष्ट दिसतात. तपासणीच्या दिवशीच ते तिथे होते.

मी त्याला फोन केला. तो भांडला नाही. म्हणाला, वास मलाही आला होता, पण बुरशी माझ्या तपासणीच्या कक्षेत येत नाही. मी ‘आर्द्रता’ लिहिलं. बुरशी असं लिहिलं असतं तर ती माझी जबाबदारी झाली असती.

त्याच्यावर राग धरून मला काही साधायचं नाही. राग आहे तो ज्या व्यवस्थेत लिहिण्यापेक्षा न लिहिणं सुरक्षित ठरतं, त्या व्यवस्थेवर. ती व्यवस्था कायद्याने बनलेली आहे आणि कायदा तुमच्या हातात आहे.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. या राज्यात होम इन्स्पेक्टरला लायसन्स लागतं. १८० तासांचं शिक्षण लागतं. छताचं पन्हळ कुठे गळतं, पोटमाळ्यावर हवा खेळते का, पायाच्या भिंतीवर पाण्याचे डाग आहेत का, हे तो बघतोच, आणि बुरशी नेमकी तिथेच असते. त्याच्या पिशवीत ओल मोजायचं मीटर असतं. म्हणजे नजर आहे, हत्यार आहे, माणूस त्या जागी उभा आहे. फक्त शब्द लिहायची सक्ती नाही. देशातल्या होम इन्स्पेक्टरांच्या सगळ्यात जुन्या संघटनांपैकी एक, अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स, तिच्या मानकांतही बुरशी तपासणं सदस्यांवर बंधनकारक नाही. त्यामुळे ‘आमच्या कक्षेत नाही’ हे वाक्य अहवालांच्या शेवटच्या पानावर छापूनच येतं. पहिल्यांदा घर घेणाऱ्या माणसाला वाटतं, एवढी सेहेचाळीस पानं आहेत म्हणजे यात सगळं आलं. नसलेली गोष्ट शोधायची सवय कुणालाच नसते.

दुसरी तक्रार घर विकणाऱ्याच्या जाहीर निवेदनाबद्दल. आम्ही घर घेतलं त्यानंतर तुम्ही दोन चांगले कायदे केलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मार्च २०२४ पासून विकणाऱ्याला घरात पूर आला होता का, हे सांगावं लागतं. ऑगस्ट २०२४ पासून घराच्या स्थितीचं लेखी निवेदन देणं सक्तीचं झालं. हे दोन्ही कायदे २०२२ मध्ये असते तर कदाचित मला आयडाबद्दल आधी कळलं असतं. पण निवेदन हे विकणाऱ्याला जेवढं ‘माहीत’ आहे तेवढंच असतं. ज्याने घर पुरानंतर विकत घेतलं, भिंती झाकल्या आणि सहा महिन्यांत विकलं, तो बुरशीबद्दल ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होऊ शकतो. त्याला खोटं ठरवायचं तर कोर्टात जावं लागतं. आम्ही वकिलाला विचारलं होतं. खटल्याचा अंदाजी खर्च दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त निघाला. विकणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याचा विश्वास यांच्यामध्ये एक तिसरा, लायसन्स असलेला डोळा हवा. तो आहेही. त्याला बोलायला लावा.

तिसरी तक्रार पैशांची, ती थोडक्यात सांगते. आमच्या बेसमेंटची साफसफाई, लाकूड बदलणं, पायाच्या आतून पाण्याची वाट काढणं आणि नवा सम्प पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा), सगळे मिळून एकवीस हजार डॉलर गेले. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही, हे आपल्या बऱ्याच लोकांना पूर आल्यावर कळतं. बुरशीसाठीची भरपाई बहुतेक विम्यांत एकतर नसते किंवा तिला फार खालची मर्यादा असते. आम्हाला एक पैसा मिळाला नाही. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आधी कळलं असतं तर हा खर्च आम्ही किमतीतून वजा करून घेतला असता किंवा घर सोडलं असतं. करारात इन्स्पेक्शनची मुदत असते ती याचसाठी ना?

चौथी तक्रार मुलाबद्दल आहे आणि इथे मी जपून लिहिते, कारण बुरशीच्या नावाने भीती विकणारेही खूप आहेत. ‘काळी बुरशी’ म्हटलं की लोक घाबरतात. १९९३-९४ मध्ये क्लीव्हलँडला काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला आणि त्याचा संबंध स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीशी जोडला गेला. पुढे २००० मध्ये सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, तो पुरावा पुन्हा तपासून सांगितलं की तसा संबंध सिद्ध होत नाही. म्हणून मी म्हणणार नाही की माझ्या मुलाच्या जिवावर बेतलं होतं. पण अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००४ च्या अहवालात ओलसर घरं आणि बुरशी यांचा खोकला, घशाचा त्रास, छातीतली घरघर आणि दमा असलेल्यांचा वाढणारा दमा यांच्याशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असं नोंदवलं आहे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरातली ओल आणि बुरशी टाळा, असंच सांगितलं. बेसमेंट रिकामं करून साफ केल्यावर सप्टेंबरपर्यंत माझ्या मुलाचा इन्हेलर कपाटात गेला. हा वैज्ञानिक पुरावा नाही, मला कळतं. पण मी त्याची आई आहे आणि त्या अकरा महिन्यांतल्या रात्री मी मोजलेल्या आहेत.

पाचवी तक्रार बुरशी साफ करणाऱ्या धंद्याबद्दल. भिंत कापल्यावर आम्ही तीन कंपन्यांना बोलावलं. पहिल्या कंपनीने ‘फुकट तपासणी’ केली, हवेचे नमुने घेतले, आकड्यांचा रंगीत कागद दिला आणि लगेच चौतीस हजारांचं कोटेशन. दुसऱ्याने फवारणी करून रंग मारू म्हटलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था एन्व्हायर्न्मेंटल प्रोटेक्शन एजन्सी, म्हणजे ईपीए, स्पष्ट सांगते की बुरशीवर रंग मारू नका, आधी पाण्याचा उगम बंद करा. तिसरा माणूस प्रामाणिक निघाला, पण तो प्रामाणिक आहे हे ओळखायचं आम्ही कशावरून? न्यू यॉर्कने याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं आहे. १ जानेवारी २०१६ पासून तिथे बुरशी तपासणारा आणि साफ करणारा दोघांनाही लायसन्स लागतं, एकाच कामात दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीला करता येत नाहीत, आणि काम झाल्यावर पुन्हा स्वतंत्र तपासणी होते. हडसन नदीच्या पलीकडे जे दहा वर्षं चालू आहे ते अलीकडे का नाही? टेक्सासने २००३ मध्येच कायदा केला. तिथे बुरशीची दुरुस्ती झाली की प्रमाणपत्र मिळतं आणि घर विकताना मागच्या पाच वर्षांतली अशी प्रमाणपत्रं घेणाऱ्याला द्यावी लागतात. फ्लोरिडातही तपासणारा आणि साफ करणारा यांना लायसन्स आहे.

आता होम इन्स्पेक्टर मंडळींच्या आक्षेपांकडे येते, कारण तुमच्या समितीपुढे ते येऊन बोलतील आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही.

ते म्हणतील, भिंतीच्या आतलं आम्हाला दिसत नाही. बरोबर आहे. भिंत फोडा, असं मी म्हणतच नाही. ते म्हणतील, हवेतल्या बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बियांची, किती संख्या धोकादायक याचं कुठलंही सरकारी मानक नाही. हेही खरं. संघराज्य पातळीवर तशी मर्यादाच ठरलेली नाही. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये तशी मर्यादा ठरवायचा कायदा केला, पण आकडा काही ठरला नाही. म्हणूनच मी हवेचे नमुने सक्तीचे करा असं मागत नाही. ईपीए स्वतः सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरजच नसते. बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना उगवायला लागतं पाणी आणि खायला काहीतरी, आणि ड्रायवॉलवरचा कागद हे त्यांचं आवडतं खाणं. ओली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर बुरशी धरते. म्हणून खरा प्रश्न पाणी कुठून येतंय हा आहे, आणि तो तर इन्स्पेक्टरचाच विषय आहे.

ते म्हणतील, आमच्या विम्याचे हप्ते वाढतील, आमच्यावर खटले होतील. याचा विचार तुम्ही करायलाच हवा. जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं आणि न दिसणाऱ्या भागाबद्दल तसं नमूद केलं, तर इन्स्पेक्टरला कायद्याने संरक्षण द्या. तपासणीची फी पन्नास-शंभर डॉलरने वाढली तर आम्ही देऊ. एकवीस हजारांपुढे ते काहीच नाही. आणि बुरशीचं नाव काढलं की सौदे मोडतील, असं कुणी म्हणालं, तर माझं उत्तर एवढंच की माझा सौदा मोडायलाच हवा होता.

या राज्याने अशी गोष्ट आधी केलेली आहे. १९८० च्या दशकात हंटर्डन काउंटीतल्या क्लिंटनमध्ये घरांत रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचं प्रमाण भयंकर निघालं. रेडॉन दिसत नाही, त्याला वास नाही, रंग नाही. तरी राज्याने तो मोजणाऱ्यांना आणि कमी करणाऱ्यांना प्रमाणपत्राची पद्धत लावली. आज घर घेताना रेडॉनची चाचणी केली नाही तर शेजारी आपल्याला वेड्यात काढतात. जुलै २०२१ मध्ये शिशाच्या रंगाचा कायदा झाला, आणि १९७८ पूर्वीच्या भाड्याच्या घरांत भिंतीवरचं शिसं तपासायला लागले. न दिसणाऱ्या वायूसाठी यंत्रणा उभी राहू शकते, रंगातल्या शिशासाठी राहू शकते, तर जी बुरशी डोळ्यांना दिसते आणि नाकाला कळते तिच्यासाठी का नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे तो गेला, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये नोंदवलं. त्याच्या आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे लागू झाला, सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांसाठी. त्या बाळाचा फोटो मी एकदा बघितला आणि लॅपटॉप बंद केला. आपल्याकडे कायदा व्हायला तशा एखाद्या फोटोची वाट बघू नका, ही हात जोडून विनंती.

माझ्या मागण्या अशा आहेत.

लायसन्स असलेल्या प्रत्येक होम इन्स्पेक्टरने दिसणारी बुरशी, तिच्यासारखा दिसणारा डाग, कुबट वास आणि पाणी शिरल्याच्या खुणा यांची अहवालात वेगळ्या मथळ्याखाली, फोटोसह नोंद करणं सक्तीचं करा. हा मथळा पहिल्या पाच पानांत असू द्या. ‘आर्द्रता’, ‘रंग बदललेला’ अशा गोल शब्दांनी ही नोंद टाळता येऊ नये. नक्की बुरशीच आहे का हे सांगता येत नसेल तर ‘बुरशी असण्याची शक्यता, पुढील तपासणी करावी’ एवढं साधं वाक्य पुरेल.

बेसमेंट, क्रॉल स्पेस (घराखालची रांगत जाण्याएवढी पोकळी), अ‍ॅटिक आणि बाथरूमच्या भिंती इथे ओल मोजायच्या मीटरने मोजणी करून तो आकडा लिहिणं बंधनकारक करा. या कामाला काही मिनिटं लागतात.

बुरशी तपासणारे आणि साफ करणारे यांच्यासाठी न्यू यॉर्कसारखं वेगवेगळं लायसन्स सुरू करा, आणि एकाच घरात दोन्ही कामं एकाने करण्यावर बंदी घाला.

बुरशीची दुरुस्ती झालेल्या घराचं प्रमाणपत्र विकताना पुढच्या मालकाला द्यावं लागेल, असा नियम करा.

इन्स्पेक्टरांच्या परवान्यासाठीच्या शिक्षणात आणि पुढच्या उजळणीत ओल आणि बुरशी हा विषय घाला. तो खर्च त्यांच्या एकट्यावर पडू नये, असं मला वाटतं, पण ते तुम्ही ठरवा.

आणि शेवटची मागणी पैशांची नाही, कागदाचीही नाही. या विषयावरच्या विधेयकाला समितीत सुनावणी द्या. उघड सुनावणी. बाजूने मत द्या किंवा विरोधात द्या, पण मत द्या. मी सुट्टी घेऊन ट्रेंटनला येईन आणि माझ्यासारखी आणखी कुटुंबं घेऊन येईन. आमच्या ओळखीतच अशी तीन घरं आहेत. त्यांतलं एक कुटुंब भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहतं आणि घरमालक घर रिकामं करायला सांगेल या भीतीने तक्रार करत नाही. भाडेकरूंचं दुखणं आणखी मोठं आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

माझ्या मराठी वाचकांना एक सांगते. कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत घर बघायला जाल तेव्हा बेसमेंटच्या शेवटच्या पायरीवर एक मिनिट गप्प उभे राहा आणि वास घ्या. दरवळणाऱ्या मेणबत्त्या किंवा सुगंधी प्लग लावलेले असतील तर ते काढायला सांगा आणि अर्ध्या तासाने परत या. हीटरच्या मागे, जिन्याच्या खाली, जिथे रंग पोचलेला नसतो तिथे टॉर्च मारून बघा. इन्स्पेक्टरला आधीच विचारा : बुरशी दिसली तर तुम्ही ‘बुरशी’ असं लिहिणार का? उत्तर लेखी घ्या. आणि घरात कोकणातलं कुणी वडीलधारं माणूस असेल तर त्यांना बरोबर न्या.

आई या मेमध्ये पुन्हा येते आहे. खालच्या भिंती आम्ही अजून निम्म्या उघड्याच ठेवल्या आहेत. तिने हात लावून सांगितल्याशिवाय त्या बंद करायच्या नाहीत असं ठरलं आहे.

इन्स्पेक्शनच्या अहवालाचं पान ३१, त्यातली नावं झाकून, इंग्रजी प्रतीला जोडलं आहे. कृपया वॉटर हीटरच्या डावीकडे, खालच्या कोपऱ्यात बघावं.

आपली,
सॉमरसेट काउंटीतली एक मतदार